टॅलमनसाहेबांच्या टेबलावर मॅक्सीनची सपात

ईस्ट टॉलिव्हर, व्हरमाँट
बुधवार, ५ मार्च

सकाळी थंडी, दुपारी चिखल. शेगडी पेटवली. अंडे उकडले. दारापुढचा बर्फ ओढला, तेवढ्यात छपरावरचा खाली आला, तोही ओढला. कोणी आले नाही. जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

आदरणीय डोरीनताईंना एल्विनचा नमस्कार.

तुमचे कार्ड पोचले. खुब्याचे नवे हाड तुम्हाला मानवले हे वाचून बरे वाटले. तिकडे वाळवंटात, टूसानला, लोक फेब्रुवारीत अंगणात बसून संत्री सोलतात असे तुम्ही लिहिले आहे. माझा त्यावर विश्वास आहे, पण इथे कोणाला सांगितले नाही, लोकांची मने दुखावतात. माझी तब्येत बरी आहे. डावा खांदा कुरकुरतो; घरात बोलणारा आता तेवढाच उरला आहे, म्हणून मी त्याला बोलू देतो.

आता तुमच्या कार्डाविषयी. तुम्ही लिहिता, "मॅक्सीन शेवटी वळणावर आली हे मी माझ्या डोळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. दोन वर्षांचा राग मी त्याच क्षणी सोडला. मेमध्ये तिला मातीत ठेवाल तेव्हा मी येते, आणि येताना चेट टॅलमनसाहेबांची सही केलेली तसबीर आणते, ती पेटीवर ठेवू." ताई, तुम्ही यावे अशी माझी फार इच्छा आहे. मॅक्सीन अजून दफनभूमीच्या दगडी कोठीतच आहे (तुम्ही इथल्याच, जमीन गोठलेली असताना इथे कोणाला पुरत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगायचे), आणि तिच्या माहेरचे आता तुमच्याशिवाय कोणी नाही. पण तुम्ही टीव्हीवर जे पाहिले ते तसे नाही. ते सांगितले तर तुम्ही येणार नाही अशी मला भीती आहे, आणि न सांगता तुम्हाला तसबिरीसकट बोलावले तर मॅक्सीनच उठून जाईल. तेव्हा सांगतो. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. हद्दीचा दगड कुठे आहे एवढेच मला सरळ लिहिता येते, बाकीचे जमेल तसे.

माणूस गेल्यावर कळवाकळव करावी लागते. मी वीज सोसायटीला कळवले, वाचनालयाला कळवले, बियाण्यांची यादी पाठवणाऱ्या कंपनीला कळवले (त्यांनी फार चांगले उत्तर पाठवले आणि सोबत मुळ्याचे बी). मग वाटले, टॅलमनसाहेब राहिले. अकरा वर्षे हा माणूस रोज संध्याकाळी आठ वाजता टीव्हीतून आमच्या बैठकीत हजर असे. बियाणेवाल्याला कळवायचे आणि याला नाही, हे बरे दिसत नाही. म्हणून एक कागद घेऊन त्यांना पत्र लिहिले. पुढच्या बाजूला लिहिले की माझी पत्नी मॅक्सीन हिने अकरा वर्षांत तुमचा एकही कार्यक्रम चुकवला नाही, तुम्ही पडद्यावर आलात की ती जेवणाचे ताट बाजूला सारत असे, आणि ती नोव्हेंबरात वारली. तिथे जागा संपली. आपल्याकडे कागदाची एकच बाजू वापरून तो पाठवणे म्हणजे अर्धा पाव फेकून देणे, हे तुम्ही जाणताच. तेव्हा मागच्या बाजूला लिहिले की ती तुम्हाला भोंगा म्हणत असे, भामटा म्हणत असे, आणि ताट बाजूला सारून ती उजव्या पायातली सपात काढून तुमच्या तोंडावर मारत असे. तरीपण तुम्हाला कळवावेसे वाटले, कारण इतक्या नेमाने कोणी कोणावर रागावलेले मी पाहिलेले नाही. आपला नम्र, वगैरे.

त्यांच्याकडे पाने उलटायची पद्धत नाही, ताई.

पुढच्या आठवड्यात मी बटाटे सोलत होतो. टीव्ही चालूच होता. (आता मी तो चालू ठेवतो. ऐकत नाही, पण घरात कोणीतरी चिडलेले असले की स्वयंपाकाला हात वळतो.) तर मॅक्सीनचे नाव ऐकू आले. पाहतो तो पडद्याच्या चारी बाजूंना काळी पट्टी, मागे झेंडा, आणि टॅलमनसाहेब माझा कागद हातात धरून, अर्धाच, वाचताहेत. वाचून झाल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला, एका बोटाने डोळा टिपला आणि म्हणाले, "व्हरमाँटच्या डोंगरात, शत्रूंच्या गराड्यात, एक शूर भगिनी एकटी बसून आपल्याला ऐकत होती." शत्रू म्हणजे मी आणि मांजर. मग हा देश गुरुवारच्या पुढे टिकत नाही असे त्यांनी सांगितले आणि गुडघ्यांच्या मलमाची जाहिरात लागली. (देश त्यांच्याकडे गुरुवारी बुडतो आणि त्यांच्या विरुद्ध बाजूच्या केनबाईंच्या चॅनलवर शुक्रवारी. सोमवारी दोघेही नवा कोट घालून येतात.)

गावाचे हाल काय सांगू. तुम्ही गेल्यापासून इथली तऱ्हाच बदलली आहे. चर्चमध्ये लोक डावी-उजवी बाजू धरून बसतात. पूर्वीही बसत, पण ते दाराच्या वाऱ्यासाठी. दुकानातला टीव्ही भांडणे होतात म्हणून काढला आणि तिथे माशांची पेटी ठेवली. आठवडाभर शांतता होती. मग मोठा मासा लहान माशांना चाऱ्यापासून ढकलतो हे कष्टाचे फळ की अन्याय, यावरून दोन म्हाताऱ्यांनी कॉफी एकमेकांच्या अंगावर सांडली. आता पेटीवर टॉवेल टाकला आहे. मासे बरे आहेत असे सांगतात.

अशा गावात मॅक्सीनची बातमी पसरली. पहिला आला रोलंड बुशी, आमच्या वरच्या वळणावर दूधधंदा करणारा. टॅलमनसाहेबांचा मोठा भक्त. त्याच्या गोठ्यावर त्यांचे चित्र आहे, गाई त्याखालून आत जातात. तो घरी भाजलेला अॅपल-पाय घेऊन आला आणि दारातच माझे दोन्ही खांदे धरून म्हणाला, "एल्विन! तिने लपवून ठेवलं! आणि तूसुद्धा इतकी वर्षं एक शब्द बोलला नाहीस!"

मी म्हणालो, "मी कशाबद्दलच बोललेलो नाही, रोलंड."

"तेच तर! किती सोसलंस रे!" असे म्हणून तो आत येऊन बसला आणि अॅपल-पायचा पहिला तुकडा त्यानेच खाल्ला. दारात आलेल्या माणसाला, त्यातून खाऊ घेऊन आलेल्याला, खोटे पाडणे मला जमत नाही. तो गेल्यावर मी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिले, "ती सपात मारायची, रोलंड." तेव्हा जमले.

दुसऱ्या दिवशी आर्डिथ क्लफ आली. तुम्हाला ती आठवत असेल, मॅक्सीनच्या वर्गात होती. सगळ्या गावात मॅक्सीनच्या सर्वांत जवळची. नोव्हेंबरात तिने कोंबडीचे कॅसरोल, भांड्यासकट भट्टीत भाजलेले, आणून दिले होते, ते मी गोठवून ठेवले होते आणि नेमके त्याच दुपारी गरम करून खात होतो.

"माझं भांडं दे," ती म्हणाली.

"आर्डिथ, त्यात अजून आहे."

"मग काढ. टॅलमनच्या घरात माझं भांडं नको."

"हे माझं घर आहे."

"तू गप्प बसायचास म्हणून तुला मी शहाणा समजत होते, आणि तू त्या भोंग्याला पत्र लिहिलंस!" ती म्हणाली. मी मोरीपाशी उभा राहून उरलेले कॅसरोल संपवले, भांडे घासले, पुसले, बुडाला तिच्या नावाची पट्टी आहे की नाही ते पाहिले आणि दिले. ती तोवर दारात हाताची घडी घालून उभी होती. जाताना म्हणाली, "मीठ कमी होतं ना?" मी हो म्हणालो. (नव्हते. पण त्या दिवशी कोणाला नाही म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती.)

मग केनबाईंच्या चॅनलवरून एका मुलीचा फोन आला. तिने फार हळू आवाजात विचारले, "वेगळ्या मताच्या माणसाबरोबर तुम्ही किती वर्षं काढलीत?"

"एक्केचाळीस."

"बापरे. नेमका मतभेद कशावरून होता?"

"झोपताना खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरून."

ती म्हणाली की आम्ही तुम्हाला परत फोन करू. केला नाही.

तेव्हा मी ठरवले की आता दुरुस्ती करायचीच. पण लांब पत्राचा परिणाम मी पाहिला होता. म्हणून या वेळी थोडक्यात काम केले. मॅक्सीनची उजव्या पायातली सपात (तपकिरी, आत मेंढीची लोकर, टोकाला टीव्हीची कड लागून पडलेला खळगा) खोक्यात घातली आणि चिठ्ठी जोडली, "आधीच्या पत्राची मागची बाजू पाहावी. सोबत पुरावा." मला वाटले, यात चुकायला जागाच नाही.

त्यांच्याकडे आधीचे पत्र उरले नसावे. त्यांनी सपातीची मागची बाजू पाहिली. तळ अर्थातच झिजलेला. शुक्रवारी टॅलमनसाहेबांनी ती कॅमेऱ्यासमोर उलटी धरली आणि गहिवरून म्हणाले, "पाहा, कष्टकरी अमेरिकन स्त्रीची टाच!" आणि ती टेबलावर काचेच्या पेटीत ठेवली. तेव्हापासून ती रोज तिथेच असते, त्यांच्या डाव्या कोपराजवळ. तुम्ही ती पाहून रडलात असे कार्डात आहे. ताई, मीही पाहिले. तिला स्टुडिओपर्यंत पोचायला अकरा वर्षे लागली, आणि आता नेम धरायला हातभर अंतरही नाही, हे मनात आले आणि मला हसू आले. मग वाईट वाटले. मग डाव्या पायातली सपात मी कपाटात ठेवून दिली.

काल गावसभा होती. तुम्हाला आठवेल, अर्धा दिवस रस्त्याच्या खडीवर जातो, मग जेवण. या वेळी खडी लवकर संपली. 'इतर कामकाज' आले तेव्हा रोलंड उठला आणि त्याने ठराव मांडला की बँडस्टँडपाशी मॅक्सीनच्या नावाचा बाक ठेवावा आणि त्यावर 'चेट टॅलमन यांच्या निष्ठावान प्रेक्षक' असे कोरावे. आर्डिथ लगेच उठली. 'निष्ठावान' शब्द काढून 'संतप्त' घालावा अशी तिने दुरुस्ती सुचवली आणि सपातीचे सगळे सांगितले. त्यावर मागून कोणीतरी 'प्रेक्षक' शब्दालाच हरकत घेतली: जी बाई सपात फेकते तिला प्रेक्षक म्हणता येईल का? रोलंड म्हणाला, डोळे मिटून कोणी नेम धरत नाही. आर्डिथ म्हणाली, "नेम कसला, निम्म्या वेळा कुंडीला लागायची! जिरॅनियम मेलं बिचारं!" रोलंड म्हणाला, "बघा, म्हणजे तिला त्याला मारायचंच नव्हतं!" सभागृहात एकदम गलका झाला. मॅक्सीन स्पॉफर्ड चेट टॅलमनचा द्वेष करत होती किंवा कसे, हे गावाने मतदानाने ठरवावे असे कोणीतरी म्हणाले आणि त्याला अनुमोदनही मिळाले. सभापती पर्ली व्हीलॉक यांनी हातोडा आपटला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "एल्विन, तुला काही बोलायचंय का?"

ताई, गावसभेत मी आजवर तोंड उघडलेले नाही. सगळी सभा वळून बसली. मी उभा राहिलो. काय बोलायचे ते मला ठाऊक होते, आरशासमोर त्याचा सराव होता. पण उभा राहिलो तेव्हा वास आला. बहुतेक उभ्या माणसाला तो आधी येत असावा. मी म्हणालो, "बीन्स करपताहेत."

खरेच करपत होते. चर्चच्या बायका ठराव ऐकायला पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि भट्टीकडे कोणीच नव्हते. सभा तिथेच थांबली. मी बशा लावायला स्वयंपाकघरात गेलो, तर रोलंड आणि आर्डिथ एकाच पातेल्यात दोन बाजूंनी डोकी घालून करप खरवडत होते. निवडणुकीपासून ती दोघे एकमेकांशी बोललेली नव्हती.

"तुझा तो टॅलमन," आर्डिथ म्हणत होती, "आयुष्यात एक पातेलं घासलं नसेल त्याने."

"आणि तुझी ती केनबाई घासते वाटतं? केसाचा रंग उतरेल तिच्या!"

"निदान ती केस रंगवत नाही."

"रंगवते, आर्डिथ!"

"रंगवते," आर्डिथ म्हणाली, "पण एकाच रंगात. इकडचं खरवड, बावळटा, नुसतं चोळतोस काय." मग जराशाने ती म्हणाली, "मॅक्सीन असती तर तिने दोघांना झोडपलं असतं." आणि रोलंड म्हणाला, "मला जास्त," आणि पाठ फिरवून बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

जेवणानंतर निम्मे लोक गाई पिळायला निघून गेले, आणि उरलेल्यांनी ठराव पुढच्या वर्षावर टाकला. म्हणजे सरकारी दृष्टीने तुमची बहीण टॅलमनसाहेबांचा द्वेष करत होती की नाही, हे पुढच्या मार्चपर्यंत अनिर्णित आहे. पण तुम्हाला मी तोवर थांबवू शकत नाही, जमीन मेमध्येच मऊ होते. तेव्हा स्वच्छ लिहितो. ती त्यांचा द्वेष करत होती, ताई. मनापासून. ती वळणावर वगैरे काही आली नाही. शेवटच्या आठवड्यात, हात उचलत नव्हता तेव्हा, ती मला सपात मारायला सांगत असे. मी मारली. नेम चुकला. "हेसुद्धा जमत नाही तुला," असे ती म्हणाली आणि फार हसली.

आणखी एक सांगतो, कारण तेही खरे आहे. गेल्या हिवाळ्यात टॅलमनसाहेबांना घसा धरला होता आणि त्यांच्या जागी आठवडाभर एक तरुण मनुष्य येत होता. तोच कोट, तेच बोलणे. मॅक्सीनने सपात काढली नाही. "अनोळखी माणसावर कसं ओरडायचं?" म्हणाली. सूपही अर्धेच घेतले. मग सोमवारी साहेब परत आले, आवाज बसलेला, आणि तिने त्यांना तीन वेळा भोंगा म्हटले आणि दोन वाट्या सूप घेतले. मी जमिनी मोजणारा माणूस आहे, हे काय म्हणायचे ते मला येत नाही. पण ते तुमचेही माणूस आहेत आणि तिचेही होते, आणि दोन बहिणींत एवढी हद्द सामायिक असेल तर ती थोडी नाही.

तसबीर पेटीवर ठेवता येणार नाही. तुमचा राग परत आला असेल तर तोही समजतो. येऊ नका म्हणालात तर मी काही बोलणार नाही. मी बोलत नाही हे गावाने आता इतिवृत्तात नोंदवले आहे.

प्रकृतीला जपा, नवे हाड ओल्या फरशीवर नेऊ नका, आणि या पत्राच्या दोन्ही बाजू वाचा.

तुमचा मेहुणा,
एल्विन स्पॉफर्ड

ता. क. मेचा दुसरा शनिवार, सकाळी दहा. चिखलाचे बूट इथे आहेत, मॅक्सीनचे. तुमचे माप तेच असावे.

ता. क. २. खरे तर एवढे सगळे लिहायची गरज नव्हती, मला एकच विचारायचे होते. तुमच्यात बिनसले त्याआधी कार्यक्रम संपला की तुमचा फोन यायचा, आणि तुम्ही दोघी तासभर एकमेकींना मूर्ख ठरवायच्यात. गेली दोन वर्षे नऊ वाजता ती स्टूल ओढून फोनपाशी बसत असे. कोणाची वाट बघतेस म्हटले तर "पाठ टेकते जरा," म्हणायची. फोनपाशी पाठ टेकायला काहीही नाही, तिथे नुसते स्टूल आणि भिंतीला खुंट्या. तुम्ही आता नऊला फोन केलात तर मी उचलीन. मला वाद घालता येत नाही, पण तुम्ही घाला, मी रिसीव्हर धरून ठेवीन. काल मी टॅलमनसाहेबांना मोठ्याने "काहीतरीच!" असे म्हणालो. मांजर उठून गेले. म्हणजे शिकता येईल असे वाटते.

ता. क. ३. ते काल म्हणाले की व्हरमाँटमध्ये सगळे डाव्या मताचे आहेत. हे साफ चूक आहे आणि या बाबतीत तुम्ही त्यांची बाजू घेतलीत तर मी ऐकून घेणार नाही.

ता. क. ४. शेगडीतली राख भरली आहे. पायऱ्यांवर काल वितळलेल्या बर्फाची काच झाली आहे, तेवढी राख तिच्यावर टाकून येतो आणि मग पाकीट बंद करतो.